जर्मनीत कोर्स इंग्लिशमधून, पण वर्गाबाहेर पडलं की मुका आणि बहिरा. काय करू?

मिरज_टू_साक्सनी

नमस्कार मंडळी, वाचत असतो नेहमी पण लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा मिरजेचा, बीई पुण्यातून, ऑक्टोबरपासून इकडे पूर्व जर्मनीत, साक्सनी राज्यात मास्टर्स करतोय. कोर्स पूर्ण इंग्लिशमधून. येण्याआधी पुण्यात जर्मनचं ए१ (सगळ्यात पहिली पायरी, पुढं ए२, मग बी१) केलं होतं, म्हणजे परीक्षा पास झालो, पण ते "माझं नाव अमुक, मला एक बहीण आहे, मला क्रिकेट आवडतं" एवढ्यावरच संपतं. एजंट म्हणाला होता इंग्लिश सगळीकडे चालतं. चालतं ना, वर्गात चालतं. वर्गाचं दार ढकललं की संपलं (त्या दारावरपण 'ड्र्यूकन' आणि 'त्सीअन' लिहिलेलं असतं, ढकला आणि ओढा, पहिले पंधरा दिवस मी उलटंच करत होतो).

बेकरीत रांगेत उभा राहून मनात वाक्य घोकतो, इश म्योश्टे त्स्वाय ब्र्योटशन बिट्टे, मला दोन पाव द्या. माझा नंबर आला की बोलतोपण नीट. मग ती बाई उलट काहीतरी विचारते आणि तिथं माझा खेळ खल्लास. मी 'या' म्हणतो, म्हणजे हो. एकदा असंच या म्हणालो तर तिनं अजून दोन पाव पिशवीत टाकले, चारचे पैसे देऊन गपगुमान घरी आलो.

खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं की ही निळी पेटी कागदाची का, त्या म्हणाल्या "नू". मी समजलो नो. टाकलेले कागद परत काढून शेजारच्या पेटीत टाकले, आजी माझ्याकडे बघतच राहिल्या.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं पण मागच्या महिन्यात अक्कलदाढ दुखायला लागली. एका दाताच्या डॉक्टरकडे फोन केला, हिंमत करून जर्मनमधून. रिसेप्शनवरच्या बाईनी वार सांगितला तो कळला, वेळ सांगितली 'ड्राय-फिअर्टल त्सेन', मी दोनदा विचारलं, तिनं दोनदा तेच सांगितलं. मी हिशेब केला, ड्राय म्हणजे तीन, फिअर्टल म्हणजे पाव, तीन पाव म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, आणि त्सेन दहा. दहा पंचेचाळीस. दहा पस्तीसलाच जाऊन उभा राहिलो तर म्हणे तुमची वेळ तासापूर्वीच होऊन गेली, पुढची तीन आठवड्यांनी. भांडायलासुद्धा भाषा लागते हो. लवंग धरून परत आलो.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये आम्ही चौघं, तिघं जर्मन. चांगली मुलं आहेत, वाईट वागत नाहीत अजिबात. मीटिंगची पहिली दहा मिनिटं इंग्लिश, मग कुणीतरी घाईत एक वाक्य जर्मन बोलतो आणि गाडी रूळ बदलते ती बदलतेच. ते हसले की मीपण हसतो, अर्धा सेकंद उशिरा. घरी आम्ही चारही इंडियन, एकही मराठी नाही, दिवसभर हिंदी. टेबलावर सात पाकिटं न फोडता पडलीत, सगळी जर्मन, त्यातलं एक पिवळं आहे. आई विचारते बोलायला कोण आहे का रे, मी म्हणतो आहेत की. खरं सांगायचं तर सगळ्यात निवांत व्यवहार होतो तो सुपरमार्केटात बाटल्या परत घ्यायच्या मशीनशी, बाटली घातली की २५ सेंट, उलट प्रश्न नाही.

तर विचारायचंय असं की या सेमिस्टरला एकदोन विषय मागे ठेवून सरळ बी१ च्या मागे लागू का दोन वर्षं इंग्लिशवर रेटून न्यावीत? आणि फोनची भीती कशी घालवलीत कुणी?

बर्लिनचा_पक्या

भावा एवढं काय मनावर घेतोस. मी पाच वर्षं बर्लिनमध्ये आहे, आयटीत, ऑफिस इंग्लिश, मित्र इंग्लिश, माझं जर्मन अजून ए२ च आहे आणि काही अडत नाही. ट्रान्सलेटर ॲप कशासाठी आहेत. डिग्री घे, मार्क चांगले ठेव, आणि बर्लिनला निघून ये. विषय बिषय मागे ठेवू नकोस.

सोलापुरी_चादर

पक्या, तू बर्लिनात आहेस, तो साक्सनीत आहे. आणि तुझी कागदपत्रं कोण वाचतं ते आम्हाला माहितीय, मागच्या वर्षी इथंच फोटो टाकत होतास.

मिरजकर, आधी उठ आणि पिवळं पाकीट फोड. मग पुढचं वाच.

फोडलंस? ते पिवळं म्हणजे सरकारी किंवा कोर्टाची पोच असलेली टपाल. पोस्टमन पाकिटावर तारीख लिहून जातो आणि तू घरी नसलास, नुसतं पेटीत टाकलं तरी त्या दिवसापासून मुदत मोजायला सुरू होते. म्हणून पाकीटपण टाकायचं नाही, पत्राला स्टेपल करून ठेवायचं. मला काही कळलं नाही हे उत्तर इथं चालत नाही, मी देऊन बघितलंय आणि दंड भरलाय.

बाकीच्या सहात एकदोन तरी 'रुंडफुंकबायट्राग'ची असणार, रेडिओ-टीव्हीची वर्गणी. टीव्ही नसला तरी भरावी लागते, महिन्याला १८.३६ युरो, पण दर माणशी नाही, दर घरामागे. तुम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये असाल तर एकानं भरायची आणि बाकीच्या तिघांनी आपापल्या पत्रावर त्याचा नंबर कळवायचा, प्रत्येकी ४.५९ पडतात. न उघडता ठेवलं तर ते विसरत नाहीत, राहायला आल्याच्या महिन्यापासून मागतात.

ॲपवर सगळं सोडू नकोस एवढंच सांगतो. ॲप वाईट नाहीत, मी स्वतः रोज वापरतो, पण कुठला शब्द महत्त्वाचा ते ॲप सांगत नाही. 'आइनश्रायबुंग' म्हणजे ॲडमिशन, 'आइनश्रायबन' म्हणजे रजिस्टर पोस्ट. 'टर्मिन' म्हणजे अपॉइंटमेंट, काही टर्मिनेट होत नाही, टर्मिनेट होतं ते 'क्युंडिगुंग'. आणि 'फ्रिस्ट' हा शब्द दिसला की तिथं थांबायचं, ती मुदत असते, तारीख कॅलेंडरमध्ये टाकायची आणि मगच जेवायचं. परीक्षेची नोंदणी केलीस का ते पण बघ, बऱ्याच ठिकाणी कोर्सला बसणं वेगळं आणि परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं असतं, त्याची मेल जर्मनमधून येऊन पडलेली असते. माझा एक विषय त्यात एक सेमिस्टर पुढं गेला.

फोनचं. मी पहिली दोन वर्षं फोन करायच्या आधी कागदावर लिहून घ्यायचो, नाव, जन्मतारीख, काय पाहिजे, तीन वाक्यं. चौथं वाक्य कायम हे, "इश लेर्न नोख डॉइच, बिट्टे लांगझाम", मी अजून शिकतोय, जरा हळू. हे सुरुवातीलाच बोलायचं, अडकल्यावर नाही, सुरुवातीला बोललास तर समोरचा माणूस वेगळा होतो. वेळ ऐकली की परत आपल्या शब्दांत घड्याळाच्या आकड्यांनी म्हणून दाखवायची, "नॉयन ऊर फ्युन्फ उंट फिअर्त्सिश, रिश्टिश?", नऊ पंचेचाळीस, बरोबर? आणि तरीही खात्री नसेल तर ई-मेल करा म्हणायचं. दाताला तर "इश हाबं श्मेर्त्सन" म्हणायचं, मला दुखतंय. नुसती अपॉइंटमेंट मागितली की आठवडे लागतात, श्मेर्त्सन म्हटलं की कुठंतरी घुसवतात बिचारे.

बी१ करच. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ते ऐकायला खूप वाटतात. बर्लिन-म्युनिक सोडून नोकरी शोधायला लागलास की जाहिरातीत शेवटच्या ओळीत जर्मन लिहिलेलं असतं. इथं शिकून पुढं कायमचं राहायचं म्हटलं तरी नोकरीच्या दोन वर्षांनंतर अर्ज करता येतो पण त्याला बी१ लागतं.

लातूर_पॅटर्न

तुमचं वाचून हसूपण आलं आणि पोटात कालवलंपण. माझी गोष्ट जरा उलटी आहे म्हणून लिहितो.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यम, खेड्यातली शाळा, नंतर लातूरला. इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा इंग्लिशनी माझा जो जीव काढला तो मी कुणाला सांगितला नाही, व्हायवाला उत्तर येत असून गप बसायचो, कारण एक वाक्य बोलताना मागून कुणीतरी फिसकन हसायचं. जर्मनीला आलो तेव्हापण भीती जर्मनची नव्हती, इंग्लिशचीच होती, की इथं पण वर्गात दिल्ली-बेंगलोरची पोरं फाडफाड बोलणार आणि आपण परत मागच्या बाकावर.

मग युनिव्हर्सिटीच्या भाषा केंद्रात जर्मनचा क्लास लावला, आमच्याकडे तो फुकट होता, तुमच्याकडे पण बघा, बहुतेक फुकट नाहीतर अगदी स्वस्त असतो. आणि तिथं काय बघतो तर सगळेच ढ! ती दिल्लीवाली पोरं, एक चिनी, दोन इराणी, एक ब्राझीलची मुलगी, सगळे माझ्याच लाइनीत, सगळ्यांचं डेर-डी-दास (त्यांचं तो-ती-ते) चुकतंय. आयुष्यात पहिल्यांदा असा भाषेचा वर्ग बघितला जिथं मी मागून सुरू करत नव्हतो. आणि चुकायची तर मला आधीपासूनच सवय होती, बाकीच्यांना नव्हती, त्यांचं इंग्लिश चांगलं म्हणून ते अडले की लगेच इंग्लिशवर उडी मारायचे. मला उडी मारायला जागाच नव्हती, मग मी जर्मनमध्येच चिखल तुडवत बसायचो. दीड वर्षात बी१ झालं, त्यातल्या दोघांचं अजून व्हायचंय.

विषय मागे ठेवू नका पण, माझं मत. बी१ ला काही रजा घेऊन बसायचं नसतं, त्यासाठी रोज तोंड उघडायला लागतं. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी एका रेस्टॉरंटात भांडी घासली, तिथं किचनमध्ये कुणाला इंग्लिश येतच नव्हतं, जे शिकलो ते तिथंच. पहिले शब्द शिकलो ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. नियमपण आता जरा सैल आहेत, मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. बेकरीत बघा काम मिळतंय का, त्या बाईंचा दुसरा प्रश्न काय असतो तेवढं तरी कळेल.

जर्मनवाली_मावशी

अरे बाळा, त्या ड्राय-फिअर्टल त्सेनचं वाचून मला राहवेना म्हणून लॉगिन केलंय. तू मराठी आहेस ना? मग मधे इंग्लिश कशाला घातलंस?

ड्राय-फिअर्टल त्सेन म्हणजे पावणेदहा. बस. पाऊण दहा, पावणेदहा. दहाला पाव कमी. जे तुझी आजी म्हणाली असती तेच ती रिसेप्शनवरची बाई म्हणत होती. तू ते इंग्लिशच्या साच्यात घालून दहा पंचेचाळीस केलंस. हे पूर्वेकडचं आणि दक्षिणेतल्या काही भागांतलं बोलणं आहे, पुस्तकात 'फिअर्टल फोर त्सेन' शिकवतात, त्यामुळे तुला ए१ मध्ये भेटलं नसणार. पण आता सावध राहा, सगळं आपल्यासारखं नाही. 'हाल्ब त्सेन' म्हणजे साडेनऊ, ते पुढचा आकडा घेतात आणि आपण मागचा. 'फिअर्टल त्सेन' म्हणजे सव्वानऊ, तेही पुढचाच घेतात, दहाच्या दिशेनं पाव तास चालून गेलेला. पाऊणलाच काय ते आपलं त्यांचं जुळतं. आणि दीडला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'आंडर्टहाल्ब', आपल्या दीडसारखाच, इंग्लिशवाले बसतात वन अँड अ हाफ करत.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, मग पुण्यातच बरीच वर्षं शिकवलं, आता मुलीकडे श्टुटगार्टला येऊन-जाऊन असते. वर्गात कायम बघितलं की मुलं जर्मन शिकतात ती इंग्लिशमधून, पुस्तकं तशी, युट्युब तसं, आणि मग जिथं मराठीनं आयता हात दिला असता तिथं धडपडतात. आकडे घे. सगळे रडतात की जर्मन एकक आधी म्हणतात आणि दशक नंतर. अरे आपण काय करतो? पंचेचाळीस म्हणजे पंच आणि चाळीस, फ्युन्फ उंट फिअर्त्सिश. बत्तीस, त्रेसष्ट, सत्त्याऐंशी, सगळे तसेच. एकोणतीस-एकोणचाळीसवाले तेवढे सोड, तो आपला वेगळा कारभार. फोन नंबर लिहून घेताना आकडा आधी मराठीत ऐकायचा आणि मग लिहायचा, इंग्लिशमध्ये नेलास की उलटा लिहिशील.

'वाइल इश क्रांक बिन'. कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द लाव, वाइल कारण, इश मी, क्रांक आजारी, बिन आहे. क्रियापद शेवटी. इंग्लिशमधून आलेला मुलगा इथं महिनाभर अडकतो.

'मिअर इस्ट काल्ट' म्हणजे मला थंडी वाजतेय. आपण 'मी थंड आहे' म्हणतो का? नाही ना, मग 'इश बिन काल्ट' कशाला म्हणायचं, ते तर माणूस थंड मनाचा असल्यासारखं होतं. मला कंटाळा आलाय, मिअर इस्ट लांगवाइलिश. 'इश बिन लांगवाइलिश' म्हणालास तर मी कंटाळवाणा माणूस आहे असं कबूल केल्यासारखं होईल, आणि माझ्या वर्गात दर बॅचला कुणीतरी तसं कबूल करायचंच. मला हे आवडतं, मिअर गेफेल्ट दास. ते 'मला' तुझ्या जिभेवर जन्मापासून आहे.

डू आणि झी म्हणजे तू आणि तुम्ही, हे सगळेच सांगतात. पण आपल्याकडे अरेतुरे करणं आणि अहोजाहो करणं अशी क्रियापदंच आहेत ना, तशी त्यांच्याकडेपण आहेत, 'डुत्सन' आणि 'झीत्सन'. तुझ्या ग्रुपमधल्या मुलांशी अरेतुरे, खालच्या आजींशी अहोजाहो, त्यांनी स्वतःहून सांगेपर्यंत. आपल्याकडे जसं एकदम अगं म्हटलं तर कसंतरी वाटतं, अगदी तसंच.

आणि बारीक शब्द, जे पुस्तकात शेवटपर्यंत नीट समजावत नाहीत. 'डॉख'. तू काल आला नव्हतास ना? डॉख! आलो होतो की! सेट्स डिश डॉख, बस की. हा आपला 'की' आहे. 'कॉम माल हेअर', ये जरा इकडे, माल म्हणजे जरा. 'दास इस्ट या टॉयर', हे तर महाग आहे, इथं या म्हणजे तर. हे शब्द टाकायला लागलास ना की तुझं व्याकरण चुकलं तरी लोक इंग्लिशवर जात नाहीत, त्यांना वाटतं याला येतंय.

उच्चाराचं सांगते. 'त्सेन', 'त्सान', 'त्साइट' म्हणताना त-स जोडत बसू नको, चमच्यातला च आहे तो, चुकीतला, चाकातला. चहातला नाही. हिंदीवाल्या मुलांना तो काढता काढता नाकी नऊ येतात, तुझ्या तोंडात तयार आहे.

'नू' म्हणजे हो. साक्सनीतला हो. त्या आजी हो हो तीच पेटी म्हणत होत्या आणि तू त्यांच्यासमोर कागद काढून दुसरीकडे टाकलेस! साक्सनीत क-ट-प ची ग-ड-ब होतात, म्हणजे अक्षरशः गडबड, म्हणून तुला कळत नाहीये, तो दोष तुझा नाही, हामबुर्गचा जर्मनपण तिथं कान टवकारतो. रोज थोड्या डॉइचे वेलेच्या हळू वाचलेल्या बातम्या ऐक, फुकट असतात, आणि आठवड्यातून एकदा जाऊन त्या आजींशी बोल. दोन्ही लागतं, नुसत्या बातम्या ऐकून आजी कळणार नाहीत.

मॅक्स म्युलरांच्या नावानं पुण्यात अख्खं भवन आहे, ते गृहस्थ देसाउचे, संस्कृत कोळून प्यायले पण भारतात कधी आलेच नाहीत. त्यांना आजी नव्हती खाली राहायला, तुला आहे.

वऱ्हाडी_आखेनात

मावशी मस्त लिहिलं, पण मी थोडा विरोध करतो, रागावू नका. मी मराठीतूनच विचार करून बोलायला लागलो आणि पार गाळात गेलो. आपलं क्रियापद कायम शेवटी, त्यांचं साध्या वाक्यात दुसऱ्या जागेवर पाहिजे. मी सहा महिने "इश हॉइटे नाख हाउझं गेहं" करत होतो, मी आज घरी जातो, मराठी एकदम परफेक्ट, जर्मन बोंबललं. आणि तो-ती-ते आहे म्हणून डेर-डी-दास सोपं जाईल म्हणता, कुठं जातं? चमचा तो आणि डेर लॉफल, चला जमलं. काटा तो, त्यांचा डी गाबल, ती. सुरी ती, त्यांचं दास मेसर, ते. एका ताटात तीन भानगडी. सूर्य आपला तो, त्यांची ती. काहून असं कोणाले माहीत.

जर्मनवाली_मावशी

वऱ्हाडी, बरोबर आहे तुझं, मुख्य वाक्यात मराठी नेलीस तर फसतोस. डेर-डी-दास जुळतं असं मी म्हटलेलं नाही हं! जुळत नाहीच. पण वस्तूला लिंग असतं याचं तुला आश्चर्य तर वाटत नाही ना? अमेरिकन मुलं पहिला महिना नुसती 'टेबल पुरुष का?' यातच घालवतात. शब्द पाठ करतानाच डेर लावून पाठ कर, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. आणि मिश-मिअर दोन्हीला आपल्याकडे एकच 'मला' आहे, तिथंपण फसशील, आधीच सांगते.

बर्लिनचा_पक्या

मावशी ते आंडर्टहाल्बवालं मला पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी दर वेळी 'दुसरा अर्धा' समजत होतो. इथं बाजारात मटणवाला आंडर्टहाल्ब किलो म्हणाला की मी अर्धा किलोची पिशवी धरून उभा.

सोलापुरी_चादर

पक्या, म्हणजे पाच वर्षं काही अडत नव्हतं तर.

मिरज_टू_साक्सनी

सगळ्यांचे खूप आभार, उत्तर द्यायला उशीर झाला, तीन आठवडे गडबडीत गेले (मावशींची गडबडपण त्यात धरा).

पिवळ्या पाकिटात तिकीट नसताना ट्राममध्ये सापडलो होतो त्याचं प्रकरण निघालं. म्हणजे माझं सेमिस्टर तिकीट होतं, मोबाइलची बॅटरी संपली होती, ते नंतर दाखवून मिटवता येतं असं पत्र आधी येऊन गेलेलं, बाकीच्या सहात तेपण एक होतं. मुदत संपायला चार दिवस होते. गेलो, भरलं, मिटलं. रेडिओवाल्यांचीपण दोन होती, सोलापूरकरांनी सांगितलं तसंच, आता चौघांत ४.५९.

दाताचं ऐका. दुसऱ्या डॉक्टरकडे फोन केला, कागद समोर, पहिलंच वाक्य मी शिकतोय हळू बोला, दुसरं श्मेर्त्सन. बाई म्हणाल्या उद्या या, 'फिअर्टल एल्फ'. माझ्या डोक्यात लगेच अकरा पंधरा आलं होतं. मग थांबलो, अकराच्या दिशेनं पाव चाललेला, सव्वादहा. म्हणून दाखवलं, "त्सेन ऊर फ्युन्फत्सेन?" पलीकडून आलं, "नू". एक सेकंद परत पोटात गोळा आला, मग आठवलं. दाढ काढली. भूल द्यायच्या आधी डॉक्टर काहीतरी लांबलचक बोलला त्यातलं मला फक्त 'नाही दुखणार' कळलं, दुखलं.

विषय मागे ठेवले नाहीत. भाषा केंद्रात ए२ लावलाय, सोमवार-गुरुवार संध्याकाळी, सगळे ढ आहेत, लातूरकर म्हणाले तसं एकदम निवांत वाटतं. ग्रुपमध्ये सांगून टाकलं की जर्मन बोला पण शेवटची पाच मिनिटं मी जे समजलो ते जर्मनमधून सांगणार आणि तुम्ही चूक काढायची. पहिल्या मीटिंगला मी जे सांगितलं त्यावर तिघंही इतके हसले की काय विचारू नका, पण त्यात एक काम कुणीच घेतलं नव्हतं हेपण तेव्हाच लक्षात आलं. बेकरीवाली बाई विचारते ते 'झोन्स्ट नोख वास?', अजून काही? आता मी 'नाइन डांक, दास वार्स' म्हणतो आणि दोन पाव घेऊन येतो, दोनच.

आजींकडे गेलो होतो, अहोजाहो केलं, चकली नेली होती आईनं पाठवलेली. त्यांना जरा कडक लागली बहुतेक, कॉफीत बुडवून खाल्ली.

एक विचारायचं राहिलं, जिन्यात नोटीस लागलीय, केलर रिकामं करा आणि पुढं शुक्रवारची तारीख आहे, बाकी कळत नाही. केलर म्हणजे तळघरच ना?

सोलापुरी_चादर

तळघरच. उद्या शुक्रवार आहे. सायकल खाली असेल तर आज रात्रीच वर आण.